सरकार कवी, चित्रकार कारकून

रशियन सरकारइतका बारकाईने कला वाचणारा रसिक सध्या भूतलावर नाही. आपल्याकडे प्रदर्शनाला लोक येतात, चहा घेतात, अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम!’ लिहितात आणि चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढून घेतात. सेंट पीटर्सबर्गच्या साशा स्कोचिलेंकोच्या वाट्याला असले उथळ प्रेक्षक आले नाहीत. ३१ मार्च २०२२ रोजी ती एका सुपरमार्केटमध्ये गेली, फळीवरच्या पाच किंमतपट्ट्या काढल्या आणि त्या जागी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पाच चिठ्ठ्या सरकवल्या. मालाच्या नावाच्या जागी युद्धाची बातमी. मारिउपोलमध्ये रशियन सैन्याने एका कलाशाळेवर बॉम्ब टाकला, आत चारशेच्या आसपास माणसं आसऱ्याला होती, ही त्यातली एक. बस्स. ना गॅलरी, ना दीपप्रज्वलन, ना प्रमुख पाहुणे.

एका ७६ वर्षांच्या ग्राहक बाईंनी ती पट्टी वाचली आणि तक्रार केली. पोलिसांनी माग काढला. मग सरकारी बाजूने भाषातज्ज्ञ आले आणि त्या पाच चिठ्ठ्यांचा शब्दन्‌शब्द तपासून त्यांनी अहवाल दिला. मराठीतल्या किती कवितासंग्रहांना हे भाग्य लाभतं? नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने साशाला ७ वर्षांची शिक्षा ठोठावली. चिठ्ठीमागे साधारण १७ महिने पडले. शेवटच्या निवेदनात तिने सरकारी वकिलाला काढलेला चिमटा असा होता की पाच कागदांनी आपलं राष्ट्र कोसळेल असं ज्याला वाटतं, त्याचा आपल्या राष्ट्रावर विश्वास तरी किती! न्यायाधीशांनी तो चिमटा मनावर घेतला नाही.

१ ऑगस्ट २०२४ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. त्याच सौद्यात रशियाने वादिम क्रासिकोव्हला सोडवून घेतलं. हा इसम बर्लिनच्या बागेत भरदिवसा एकाला गोळ्या घातल्याबद्दल जर्मनीत जन्मठेप भोगत होता. मॉस्कोच्या विमानतळावर पुतिनसाहेबांनी त्याला मिठी मारली. चिठ्ठ्या लावणारी देशाबाहेर, गोळ्या घालणारा लाल गालिच्यावर. बाजारभाव कळायला दुकानात जावं लागत नाही.

हे सगळं कशासाठी, तर ‘विशेष लष्करी मोहीम’ या तीन शब्दांच्या अब्रूसाठी. २४ फेब्रुवारी २०२२ ला रणगाडे युक्रेनमध्ये घुसले, ४ मार्चला सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवण्यावर १५ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. युद्धाला युद्ध म्हणायची चोरी झाली. मग लोक कोरा कागद घेऊन उभे राहिले, त्यांनाही पोलिसांनी उचललं. कोणी शब्दांऐवजी नुसत्या फुल्या लिहिल्या, त्यांनाही दंड झाला. मॉस्कोत एक जण टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ हातात धरून उभा राहिला, त्यालाही ताब्यात घेतलं. पोलिसांचं तरी काय चुकलं? मुखपृष्ठावरच्या दोन शब्दांपैकी एक बेकायदेशीर, आणि दुसरा त्याहून संशयास्पद.

*

तर मुद्दा असा. अलीकडच्या युद्धांमध्ये कामांची अदलाबदल झाली आहे. सरकारं काव्य करू लागली आहेत, आणि चित्रकार कारकुनी. पूर्वी राजा लढायचा आणि भाट गायचा. आता लढाईआधीच मंत्रालयात गाणं तयार असतं.

नावंच बघा. १९८९ मध्ये अमेरिकेने पनामावर स्वारी केली, तिचं नाव ‘न्याय्य कारण’. म्हणजे कारण कोणी विचारायच्या आत उत्तर लेटरहेडवर छापलेलं. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या मोहिमेचं नाव आधी ‘अनंत न्याय’ ठेवलं होतं. असा न्याय फक्त अल्लाच्या हाती असतो अशी मुस्लिमांची हरकत आली, तेव्हा दोनेक आठवड्यांत ते ‘चिरस्थायी स्वातंत्र्य’ झालं. देवाचा हुद्दा तेवढा वाचला, अफगाणिस्तान वाचला नाही. इस्रायलने डिसेंबर २००८ मध्ये गाझावर केलेल्या मोहिमेचं नाव तर सरळ कवितेतून उचललेलं. बिआलिक या थोर हिब्रू कवीच्या हनुक्काच्या बालगीतात शिशाचा ओतीव भोवरा आहे. त्यातलं ‘ओतीव शिसं’ सेनापतींनी घेतलं. सण हनुक्काचाच चालू होता, औचित्याचा भंग झाला नाही. तीन आठवड्यांत सुमारे १४०० पॅलेस्टिनी आणि १३ इस्रायली मेले. बालसाहित्याचा एवढा दूरवर परिणाम झाल्याचं उदाहरण दुसरं नसावं.

आता सरकार इतकं तरल झाल्यावर चित्रकाराने काय करावं? आकांताने ब्रश चालवला तर तो भडक ठरतो. किंचाळणारा घोडा पिकासोने १९३७ मध्येच काढून ठेवला आहे. (‘गेर्निका’ या त्याच्या चित्राची गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक लेखात असतेच, म्हणून एका दमात उरकतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दाराशी त्या चित्राचा विणलेला पट टांगलेला असे. २००३ च्या फेब्रुवारीत कॉलिन पॉवेल इराकविरुद्ध पुरावे मांडायला आले, तेव्हा त्यावर निळा पडदा ओढला होता. कारण दिलं गेलं टीव्ही कॅमेऱ्यांना पार्श्वभूमी साधी हवी म्हणून. कॅमेऱ्यांची आवड खरोखर फार सोज्वळ असते.) तेव्हा शहाण्या चित्रकारांनी ब्रश ठेवला आणि सरकारी फायली उघडल्या.

*

या कारकुनी घराण्याच्या मुकादम म्हणजे अमेरिकेच्या जेनी होल्झर. या बाई स्वतःचं वाक्य लिहीत नाहीत. निदान २००५ नंतरच्या या चित्रमालिकेत तरी नाही. त्यांच्याकडच्या माहिती अधिकारातून बाहेर आलेले इराक-अफगाणिस्तान युद्धाचे कागद घ्यायचे, जसेच्या तसे मोठे करायचे, कॅनव्हासवर उतरवायचे आणि टांगायचे. टंकलेखनाच्या चुकांसकट, शिक्क्यांसकट, आणि मुख्य म्हणजे काळ्या पट्ट्यांसकट.

ती काळी पट्टी नीट बघण्यासारखी आहे. कागद जनतेला दाखवायचा, पण वाचू द्यायचा नाही, यासाठी कोणा अधिकाऱ्याने मन लावून ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या असतात. काही पानांवर वरचा मथळा आणि खालचा पान क्रमांक तेवढा शिल्लक, मधे सगळा अंधार. मालेविचने १९१५ मध्ये काळा चौकोन काढला तेव्हा त्याला केवढं तत्त्वज्ञान रचावं लागलं होतं! इथे पेन्शनीला आलेला एखादा बाबू दुपारच्या जेवणाआधी असे वीस काढून मोकळा होतो आणि सहीसुद्धा करत नाही. अमूर्त कलेचा एवढा निःस्वार्थ उपासक मी दुसरा पाहिलेला नाही. त्याचं नाव अर्थातच काळ्या पट्टीखाली आहे.

आणि जे वाचता येतं, ते न वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. २००३ च्या ऑगस्टमध्ये इराकमधल्या एका गुप्तवार्ता अधिकाऱ्याने तळांवरच्या चौकशीवाल्यांना ईमेल पाठवला: आता हातमोजे उतरवायचे आहेत, तेव्हा चौकशीच्या कुठल्या पद्धती हव्यात त्याची यादी कळवा. तिला शब्द वापरला होता ‘विश लिस्ट’, नाताळात सांताक्लॉजला मुलं जी धाडतात ती. एका तळावरून उत्तर आलं त्यात थपडा होत्या, ठोसे होते, टेलिफोन डिरेक्टरीने मारणं होतं, कमी दाबाची वीज होती. सगळं ओळीने, अधिकृत शीर्षकाखाली, आपल्याकडे स्टेशनरीची मागणी नोंदवतात तितक्या शांतपणे. होल्झरबाईंनी काय केलं? अक्षर मोठं केलं. एवढंच. उपहास करायला जागाच शिल्लक नव्हती. ती मूळ लेखकाने भरून टाकली होती.

त्याच मालिकेत नकाशे आहेत. इराकवर कसं चालून जायचं याचं लष्कराने ऑगस्ट २००२ मध्ये केलेलं पॉवरपॉइंट सादरीकरण २००७ मध्ये बाहेर आलं. रंगीत बाण, चौकटी, आणि चौकटीत एकेक क्रियापद: वेगळं पाडा, दाबा, संरक्षण करा. कोणाला वेगळं पाडायचं, कोणाला दाबायचं, त्या जागी कर्म नाही. व्याकरणाच्या तासाला असं वाक्य लिहिलं असतं तर आमच्या बाईंनी अर्धा गुण कापला असता. याच सादरीकरणात हिशेब मांडला होता की डिसेंबर २००६ पर्यंत इराकमध्ये जेमतेम ५००० अमेरिकी सैनिक शिल्लक असतील. तो डिसेंबर उजाडला तेव्हा होते सव्वा लाखाहून जास्त. होल्झरने बाणांना रंग दिले, ते पुष्कळ जणांना फार गोड वाटले. नुसते बाण पाहिले तर बालवाडीच्या भिंतीवर शोभतील.

*

ब्रिटिशांचं सगळं पोस्टाने. स्टीव्ह मॅक्वीनला २००३ मध्ये सरकारी युद्धचित्रकार म्हणून इराकला धाडलं. सैन्याबरोबर गेलेल्या माणसाला सैन्य जेवढं दाखवतं तेवढंच दिसतं, त्यामुळे चित्रपट काढायचा बेत बारगळला. मग त्याने सुचवलं की मेलेल्या सैनिकांचे चेहरे टपाल तिकिटांवर छापा. कोपऱ्यात राणीचं छोटं डोकं, मधे पोराचा फोटो. ज्या राणीच्या नावाने लढायला गेला तिच्याच शेजारी. घरच्यांनी फोटो दिले. टपाल खात्याने तिकिटं काढायला नकार दिला.

खात्याला तिकिटांचं वावडं होतं असं नाही. २००१ मध्ये कुत्र्या-मांजरांची मालिका आली होती. आणि मार्च २००३ मध्ये, म्हणजे बगदादवर बॉम्ब पडत होते त्याच महिन्यात, खात्याने फळं आणि भाज्यांची तिकिटं काढली होती. सोबत डोळे, ओठ, टोप्या यांची चिकटचित्रं. भोपळी मिरचीला हव्या त्या आकाराचं नाक लावा आणि पत्र धाडा. म्हणजे भाजीला चेहरा देण्याची सोय होती, सैनिकाच्या चेहऱ्याला मात्र पाकिटावर जागा नव्हती. मॅक्वीनने शेवटी ओकच्या लाकडाचं मोठं कपाट करून घेतलं, उभे खण ओढायचे, एकेका खणात एकेका मृताच्या तिकिटांचा अख्खा ताव. वाढत वाढत असे १६० ताव झाले. टपाल खात्याचा नकार हा त्या कलाकृतीचा सर्वांत ठसठशीत भाग आहे असं माझं मत. खात्याने मानधन मागितलं नाही एवढंच.

(यात इराकी मेलेले कुठे आहेत, असा प्रश्न तुम्ही विचारणार. रास्त आहे. त्यांचं टपाल तिकीट कोण काढणार आणि कुठल्या पत्त्यावर लावणार?)

लंडनमधलाच दुसरा किस्सा त्याहून खमंग. ब्रायन हॉ नावाचा माणूस जून २००१ पासून पार्लमेंटसमोरच्या चौकात ठाण मांडून होता: आधी इराकवरच्या निर्बंधांविरुद्ध, मग युद्धाविरुद्ध. फलक, बाहुल्या, झेंडे, जखमी मुलांचे फोटो, शेकडो वस्तू. खासदारांना रोज कामाला जाताना हे दिसायचं, आणि सभागृहातली भाषा कितीही इस्त्रीची असली तरी चौकातल्या फोटोंना इस्त्री करता येत नव्हती. तेव्हा २००५ मध्ये कायदा केला: पार्लमेंटच्या परिसरात, एका किलोमीटरच्या आत, परवानगीशिवाय निदर्शनं बंद. नाव काय? ‘गंभीर संघटित गुन्हेगारी आणि पोलीस कायदा’. एकटा माणूस, घडीच्या खुर्चीवर. संघटित कोण होतं देव जाणे.

कायदा आला आणि उच्च न्यायालय म्हणालं की हा बाबा कायद्याआधीपासूनच बसलेला आहे, त्याला हा लागू नाही. ज्याच्यासाठी कायदा शिवला त्यालाच तो बसेना! वरच्या न्यायालयाने शिलाई उसवून पुन्हा घातली आणि २३ मे २००६ ला भल्या पहाटे पोलिसांनी बहुतेक सामान उचलून नेलं. मग मार्क वॉलिंजर या कलावंताने काय केलं, तर जप्त झालेली एकूण एक वस्तू, सहाशेहून जास्त, डागांसकट आणि चिखलासकट हुबेहूब नव्याने बनवून घेतली आणि जानेवारी २००७ मध्ये टेट ब्रिटन या सरकारमान्य कलादालनात ४० मीटर लांब मांडून ठेवली. आता ती कला. शाळेच्या सहली आल्या.

पण खरी गंमत जमिनीवर होती. त्या एक किलोमीटरच्या वर्तुळाची रेघ नकाशावर ओढली तर ती या कलादालनाच्या पोटातून जाते. वॉलिंजरने तिथे जमिनीवर काळी पट्टी चिकटवली. पट्टीच्या अलीकडे तोच फलक कलाकृती, पलीकडे बहुधा गुन्हा. पोलीस आले नाहीत. वर्षअखेर त्याला टर्नर पारितोषिक मिळालं. ब्रायन हॉ पुढेही चौकातच बसून होता.

*

हे वाचताना आपण मराठी वाचक खुर्चीत जरा सैलावून बसतो, की बघा हे गोरे कसे शब्दांचे खेळ करतात. तर मराठवाड्यातल्या कोणत्याही आजोबांना विचारा निजामाचं राज्य कसं गेलं. ते सांगतील, ‘पोलीस अ‍ॅक्शनमध्ये’. १३ सप्टेंबर १९४८ ला रणगाड्यांसकट निघालेली ती फौज जनरल चौधरींची होती, जमादाराची नव्हती. पण शब्द इतका मुरला की अजून कोणाला खटकत नाही. त्या मोहिमेचं लष्करी नाव ‘पोलो’, आणि वर सांगितलेल्या इराकच्या पॉवरपॉइंटवरचा सांकेतिक शब्द ‘पोलो स्टेप’. घोड्यावर बसून टोला हाणायचा खेळ सेनापतींना भलताच आवडतो, एवढं यातून सिद्ध होतं.

१९७४ मध्ये पोखरणला आपण अणुस्फोट केला तो ‘शांततामय’ होता. २६ फेब्रुवारी २०१९ ला मिराज विमानं बालाकोटला बॉम्ब टाकून आली, त्याचं वर्णन परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी केलं: बिगर-लष्करी प्रतिबंधक कारवाई. विमानं हवाई दलाची, वैमानिक हवाई दलाचे, बॉम्ब हवाई दलाचे. कारवाई तेवढी बिगर-लष्करी. मुत्सद्देगिरी म्हणून ते वाक्य मला मनापासून आवडलं. समोरच्याला तोंड लपवायला त्यात जागा ठेवली होती, आणि तसं बघितलं तर असल्या भाषेचा हा एकच भला उपयोग आहे. पण कलादालनात टांगायलाही ते झकास आहे. अजून कोणी टांगलेलं दिसत नाही.

आपल्याकडच्यांनी काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला पुन्हा धमाका झाला, पेढे वाटले गेले, आणि पाठोपाठ नलिनी मलानींनी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात एक मांडणी केली, मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेच्या नावाने. पत्र्याच्या ट्रंका, फाळणीत लोकांनी डोक्यावर घेतल्या तसल्या, आणि त्यांच्या आत टीव्हीचे पडदे. भिंतींवर बॉम्बची जुनी दृश्यं. आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन बाया, एकच साडी दोन टोकांना धरून घडी घालू बघतायत. मधे सगळी खोली. घडी होत नाही. मलानींचा जन्म १९४६ चा, कराचीचा. ट्रंक म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. हे मात्र कारकुनी काम नाही, आणि माझा सिद्धान्त इथे जरा लंगडतो. लंगडू दे.

शिल्पा गुप्ता पुन्हा माझ्या बाजूच्या. २००२ नंतर त्यांनी औषधाच्या वाटाव्यात अशा छोट्या बाटल्या केल्या, आत लाल खोटं रक्त, आणि वर लेबल. मजकुराचा आशय असा की तुला दोष दिला की मला बरं वाटतं, तुझ्या धर्माबद्दल, राष्ट्राबद्दल, म्हणजे ज्यावर तुझा काहीच इलाज नाही त्याबद्दल. आणि त्या घेऊन मुंबईच्या लोकलमध्ये शिरल्या. लोकलच्या डब्यात टिकल्या, लिंबू सोलायची यंत्रं आणि देशभक्ती या तिन्ही वस्तू रोजच विकल्या जातात. बाटली तेवढी नवी होती.

आणि जितिश कल्लाट. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद शिकागोत बोलले, ती जागा आज तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटची आहे. २०१० च्या ११ सप्टेंबरला कल्लाटने ते सबंध भाषण त्याच इमारतीच्या ११८ पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत लिहिलं. रंग पाच: लाल, केशरी, पिवळा, निळा, हिरवा. अमेरिकेचं गृहसुरक्षा खातं दहशतीचा धोका जाहीर करायला हेच पाच रंग वापरत असे. धर्मांधतेचा अंत होवो, अशी आशा सांगणारं भाषण, आणि ते चढायचं तर धोक्याच्या रंगांवर पाय देत. ती पंचरंगी व्यवस्था २००२ ते २०११ अशी नऊ वर्षं चालली. त्या काळात देशाचा धोका एकदाही निळ्यावर किंवा हिरव्यावर उतरला नाही. पाच रंगांच्या पेटीतले दोन खडू सीलबंद राहिले. ते दोन्ही रंग खऱ्या अर्थाने वापरले ते मुंबईच्या या पोरानेच.

*

इथपर्यंत कलावंतांची बाजू घेतली, आता त्यांची पाळी. कारण गुळगुळीत बोलण्यात कलेचं जग लष्कराच्या हाताखालचं नाही, बरोबरीचं आहे. कोणत्याही दालनात भिंतीवरचा मजकूर वाचा. ‘ही कलाकृती हिंसेच्या अवकाशाशी बहुस्तरीय संवाद साधते आणि विस्थापनाच्या कथनांना प्रश्नांकित करते.’ कोणी कोणाला मारलं? अवकाशाने. कोण विस्थापित झालं? कथनं. लष्करी प्रवक्त्याने हे वाक्य जसंच्या तसं उचललं तरी त्याची पत्रकार परिषद सुरळीत पार पडेल.

वफा बिलाल हा इराकी चित्रकार. २००४ मध्ये त्याचा भाऊ इराकमध्ये अमेरिकी हल्ल्यात मेला. २००७ मध्ये त्याने शिकागोच्या एका गॅलरीत स्वतःला ३० दिवस कोंडून घेतलं आणि खोलीत रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक बसवली. इंटरनेटवरून जगातल्या कोणीही यावं, नेम धरावा, चाप ओढावा. साठ हजारांहून जास्त गोळ्या आल्या, शंभराहून जास्त देशांतून. काही संगणकबहाद्दरांनी बंदूक आपोआप चालू राहील अशी युक्ती केली. उलट काही अनोळखी लोकांनी पाळ्या लावल्या आणि रात्रंदिवस बंदुकीचं तोंड डावीकडे वळवून धरलं, म्हणजे बिछान्यावरच्या माणसाला लागू नये. या सगळ्याला बिलालला नाव द्यायचं होतं ‘इराक्याला गोळी घाला’. गॅलरीला ते फार झोंबणारं वाटलं. नाव ठरलं ‘घरगुती तणाव’. साठ हजार गोळ्या चालतील, शीर्षक जपून. पेंटागॉनने या गॅलरीला सल्लागार नेमायला हवं होतं.

पैशाचं तर विचारूच नका. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाचे उपाध्यक्ष होते वॉरेन कँडर्स. त्यांची कंपनी अश्रुधुराची नळकांडी बनवायची. या धंद्यात त्यांना ‘कमी-प्राणघातक’ असा फार समजूतदार शब्द आहे. मेल्यावर माणसाला फरक जाणवत असावा. २०१९ च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ या लंडनच्या गटाने त्याच संग्रहालयाच्या भिंतीवर त्याच नळकांड्यांवरची फिल्म लावली: जगभरच्या निदर्शनांच्या फोटोंतून ही नळकांडी ओळखायला संगणकाला कसं शिकवलं त्याची. यजमानाच्या घरी जेवायला जाऊन ताटाची पावती मागितल्यासारखं झालं. आठ कलाकारांनी आपली कामं काढून घ्यायची मागणी केली, आणि जुलैमध्ये कँडर्स पायउतार झाले. त्यांनी नळकांडी काढून घेतली नाहीत.

जर्मनीत कासेलला भरणाऱ्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनाची तऱ्हा आणखी निराळी. पुढच्या प्रदर्शनाचा दिग्दर्शक निवडायला सहा जणांची समिती होती, त्यात आपले मुंबईचे कवी रणजित होस्कोटे. नोव्हेंबर २०२३ मध्ये, गाझात युद्ध पेटलेलं असताना, एका जर्मन दैनिकाने शोध लावला की २०१९ साली मुंबईच्या इस्रायली वाणिज्य दूतावासाने झायोनवाद आणि हिंदुत्व या विषयावर ठेवलेल्या कार्यक्रमाविरुद्धच्या निवेदनावर होस्कोट्यांची सही आहे. यहूदीद्वेषाचा आरोप झाला. होस्कोट्यांनी तो फेटाळला आणि राजीनामा दिला. एक सदस्य त्याआधीच बाहेर पडल्या होत्या, उरलेले चार त्यांच्यामागून गेले. आठवडाभरात सहाच्या सहा खुर्च्या रिकाम्या. हिंदुत्वाची आणि झायोनवादाची मुंबईत गाठ पडते, आणि त्याच्या ठेचा कासेल गावात लागतात. कलेला सीमा नसतात म्हणतात ते हेच असावं.

*

आणि आता खरी पंचाईत. ५ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की संरक्षण खात्याला यापुढे ‘युद्ध खातं’ असंही म्हणावं. पाट्या बदलल्या, संकेतस्थळाचा पत्ता बदलला. १९४७ पर्यंत ते युद्ध खातंच होतं. मधली पाऊणशे वर्षं सोवळं पाळलं, ते सोडलं. त्याच आठवड्यात कॅरिबियन समुद्रात एका बोटीवर हल्ला करून ११ जणांना मारलं. ते अमली पदार्थवाले दहशतवादी होते असं सांगितलं गेलं, आणि हल्ल्याचा व्हिडिओ खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी आपल्या समाजमाध्यमाच्या खात्यावर टाकला.

आता चित्रकारांनी काय करायचं? २००५ च्या सुमारास पीटर केनर्ड आणि कॅट फिलिप्स या जोडीने एक चित्र जुळवलं होतं. मागे आगीचा डोंब, पुढे टोनी ब्लेअर फोन उंच धरून हसतमुख सेल्फी काढतायत. तेव्हा त्याला जळजळीत उपरोध म्हणत होते, आणि दोन माणसांना संगणकावर खपावं लागलं होतं. आता डोंब, हसू आणि फोन तिन्ही एकाच कार्यालयात तयार होतात. राहता राहिल्या होल्झरबाई. त्यांनी उद्या माहिती अधिकारात अर्ज केला, तर काळ्या पट्ट्यांचे कागद येणार नाहीत, दोन ओळींचं साधं उत्तर येईल: मागितलेली दृश्यं माननीय राष्ट्राध्यक्षांच्या खात्यावर विनामूल्य उपलब्ध आहेत. बघून झाल्यावर लाइक करावं.